विश्लेषण : खोडकर सशाच्या पुस्तकाने डोंगर कसे राखले?

४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधल्या डंकेल्ड गावातून एक पत्र लंडनला निघाले. ते होते नोएल मूर या पाच वर्षांच्या आजारी मुलासाठी. काय लिहावे हे पत्र लिहिणाऱ्या बाईंना सुचत नव्हते. म्हणून त्यांनी चार सशांची एक गोष्ट रचली आणि ओळींच्या मधे शाईने छोटी छोटी चित्रे काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोएलच्या धाकट्या भावालाही पत्र धाडले. त्यात मासे धरायला निघालेला एक बेडूक होता.

या बाई म्हणजे बिअ‍ॅट्रिक्स पॉटर. पत्रातला ससा पुढे ‘पीटर रॅबिट’ म्हणून जगभर गेला. कपबशांपासून चित्रपटांपर्यंत आणि २०१६ मध्ये तर ब्रिटनच्या ५० पेन्सच्या नाण्यावरही तो पोहोचला. निळे जाकीट घातलेला गोंडस ससा एवढीच आज त्याची ओळख उरली आहे. पॉटर यांची पुस्तके उघडली की मात्र वेगळेच काही दिसते. त्यातले प्राणी गोंडस आहेत, पण त्यांच्या जिवाला खरा धोका आहे. आणि ही पुस्तके काढणाऱ्या बाई आपल्या चित्रांच्या, हक्कांच्या आणि पुढे जमिनीच्या बाबतीत कमालीच्या हट्टी होत्या.

पॉटर कोण होत्या?

जन्म २८ जुलै १८६६, लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात. घराणे श्रीमंत. आजोबा एडमंड पॉटर यांचा डर्बीशायरमध्ये सुती कापडावर छपाई करण्याचा मोठा कारखाना होता. वडील रुपर्ट वकिलीची सनद असलेले, पण छायाचित्रणात आणि चित्रकारांच्या गोतावळ्यात अधिक रमणारे. त्या काळच्या श्रीमंत घरांतल्या रिवाजाप्रमाणे मुलीला शाळेत न पाठवता घरीच शिक्षिका ठेवल्या गेल्या. यातल्या शेवटच्या शिक्षिका अ‍ॅनी कार्टर. त्या लग्नानंतर अ‍ॅनी मूर झाल्या आणि नोएल हा त्यांचाच मुलगा.

सोबतीला सहा वर्षांनी धाकटा भाऊ बर्ट्राम आणि घराच्या वरच्या मजल्यावर भरलेले प्राणिसंग्रहालय. ससे, उंदीर, बेडूक, सरडे, वटवाघळे, हेजहॉग नावाचा काटेरी अंगाचा छोटा प्राणी असे बरेच काही तिथे नांदून गेले. प्राणी मेला की भावंडे रडत बसत नसत. तो उकळून, हाडे सुटी करून सांगाडा जुळवत आणि त्याचे चित्र काढत. मुलांच्या गोड पुस्तकांच्या लेखिकेचे बालपण म्हणून हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पुढचे सगळे इथूनच आले.

किशोरवयापासून तिशीपर्यंत पॉटर स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहीत होत्या. लेस्ली लिंडर या संग्राहकाने अनेक वर्षे डोके खपवून १९५८ मध्ये ती लिपी उलगडली. १७९३ हे साल आणि रोमन लिपीतला सोळा हा आकडा एकाच ठिकाणी दिसल्यावर, हा फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या शिरच्छेदाचा उल्लेख असावा असे त्यांनी ताडले आणि कुलूप उघडले. ही रोजनिशी १९६६ मध्ये छापून आली.

चित्रातला ससा इतका खरा का वाटतो?

कारण तो खरा होता. पीटर पायपर नावाचा ससा पॉटर यांनी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातून साडेचार शिलिंगला विकत घेतला होता. त्याच्या आधीचा बेंजामिन बाउन्सर. याला लोणी लावलेला टोस्ट आवडायचा आणि त्याला दोरी बांधून त्या फिरायलाही नेत. १८९० मध्ये याच बेंजामिनची चित्रे एका शुभेच्छापत्रांच्या कंपनीने सहा पौंडांना घेतली. ती त्यांची चित्रांवरची पहिली कमाई.

पाळलेला प्राणी तासन् तास समोर असला की चित्रकाराला जे कळते, ते दुकानातले भरलेले प्राणी पाहून कळत नाही. ससा घाबरला की कान कसे पाडतो, खाताना पुढचे पंजे कुठे ठेवतो, झोपला की पाठीची कमान कशी होते हे पॉटर यांच्या हातात बसले होते. त्यामुळे त्यांनी सशाला जाकीट घातले तरी जाकिटाच्या आतला ससा ससाच राहतो. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतले प्राणी आठवून पाहा. बहुतेक वेळा माणसाच्याच धडावर सिंहाचे किंवा कोल्ह्याचे तोंड बसवलेले असते. पॉटर यांनी ही चूक केली नाही. त्यांचा बेडूक काठावर बसतो तेव्हा त्याच्या मांड्या बेडकाच्याच असतात.

‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’मध्ये कपड्यांचा उपयोग तर फारच चलाखीने केला आहे. आई सांगते, मॅकग्रेगर यांच्या बागेत जाऊ नका. पीटर नेमका तिथेच जातो, भाजीवर ताव मारतो आणि काकडीच्या वाफ्याला वळसा घालताना म्हाताऱ्या मॅकग्रेगरच्या समोर येतो. मॅकग्रेगर दंताळे घेऊन मागे लागतो. पळताना पीटरचे आधी बूट जातात. बूट गेल्यावर तो चार पायांवर धावू लागतो आणि त्याचा वेग वाढतो. मग तो जाळ्यात अडकतो तो जाकिटाच्या मोठ्या बटणांमुळे. जाकीट सोडून दिल्यावरच त्याचा जीव वाचतो. म्हणजे माणसासारखे कपडे असेपर्यंत धोका आणि निव्वळ ससा झाल्यावर सुटका. पुढे तेच जाकीट आणि बूट मॅकग्रेगर बुजगावण्याला चढवतो. हे सगळे शब्दांत कुठेही समजावून सांगितलेले नाही. चार वर्षांचे मूल ते चित्रांतून बरोबर टिपते.

आणि अळंब्यांचे संशोधन?

पॉटर यांच्याबद्दल समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरणारी गोष्ट हीच. नव्वदीच्या दशकात, म्हणजे अर्थात १८९०च्या, त्यांनी भूछत्रे आणि अळंब्यांची शेकडो जलरंगचित्रे काढली. पर्थशायरमधले पोस्टमन आणि जाणकार निसर्ग अभ्यासक चार्ल्स मॅकिंटॉश त्यांना नमुने पाठवत, त्या बदल्यात त्यांना चित्रे मिळत. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू रुजताना पाहून पॉटर यांनी एक निबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे ठेवला गेला, पण क्यू उद्यानाचे जॉर्ज मॅसी यांच्यामार्फत. स्त्रियांना त्या संस्थेत प्रवेश नव्हता.

‘बाई म्हणून निबंध फेटाळला’ असे सरधोपटपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात अजून काम हवे म्हणून तो मागे घेण्यात आला आणि पुढे हरवला. मात्र ज्या सभेत आपल्या कामाची चर्चा होणार तिथे बसण्याचीही मुभा नसेल, तर काम पुढे नेण्याची उमेद किती राहणार, हा प्रश्न उरतोच. सोसायटीने १९९७ मध्ये या वागणुकीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ती चित्रे अ‍ॅम्बलसाइडच्या आर्मिट संग्रहालयात आहेत. त्यांतली काही १९६७ मध्ये अळंब्यांवरच्या एका पुस्तकात वापरली गेली, कारण ओळख पटवण्याइतकी ती अचूक होती.

प्रकाशकांनी पीटरला का नाकारले?

पत्र लिहून सात वर्षे झाल्यावर पॉटर यांनी ते नोएलकडून परत मागून घेतले. त्याने ते जपून ठेवले होते हे मराठी वाचकांनीही मनापासून आभार मानावे असे भाग्य. गोष्ट वाढवून त्यांनी ती निदान सहा प्रकाशकांना दाखवली आणि सगळीकडून नकार आला.

वाद गोष्टीपेक्षा पुस्तकाच्या आकाराचा आणि किमतीचा अधिक होता. प्रकाशकांना मोठे, महागडे पुस्तक हवे होते. पॉटर यांना लहान मुलाच्या हातात मावेल असे, साधारण साडेपाच इंच उंच आणि चार इंच रुंद पुस्तक हवे होते, तेही एक शिलिंगात. छोट्या सशांना सहा शिलिंगचे पुस्तक परवडणार नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. उघडल्यावर एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला मोजक्या ओळी. पान उलटले की नवा धक्का. मोठ्या पानावर चार चित्रे एकत्र कोंबली असती तर हा धक्का गेला असता. आकाराचा आग्रह हा हौसेचा भाग नव्हता, गोष्ट सांगण्याचाच भाग होता.

शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये पॉटर यांनी स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या. आतली चित्रे काळी-पांढरी, फक्त सुरुवातीचे एक रंगीत. काही वाटल्या, काही विकल्या. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉईल यांनीही आपल्या मुलांसाठी एक घेतली. दोनच महिन्यांत आणखी २०० छापाव्या लागल्या.

दरम्यान कुटुंबाचे स्नेही असलेले पाद्री हार्डविक रॉन्स्ली यांनी ही गोष्ट चक्क पद्यात बसवून फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन संस्थेकडे पाठवली. वॉर्नना चित्रे आवडली, पद्य नको होते. पॉटर यांचाच साधा मजकूर ठेवायचा आणि चित्रे रंगीत करायची, या अटीवर करार झाला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पुस्तक आले. आठ हजारांची पहिली आवृत्ती प्रकाशनाआधीच संपली होती. वर्ष संपेपर्यंत २८ हजार प्रती छापल्या गेल्या होत्या.

या गोष्टींतली गंमत नेमकी कशात आहे?

पंचतंत्र आणि इसापनीतीवर वाढलेल्या आपल्या वाचकाला पॉटर यांच्या कथा वाचताना एक चुकल्याचुकल्यासारखे वाटते. शेवटी तात्पर्य येतच नाही. पीटरने आईचे ऐकले नाही, त्याला शिक्षा काय? पोटात दुखते, आई त्याला कॅमोमाइलचा काढा पाजून झोपवते. शहाण्या बहिणींना दूध, पाव आणि ब्लॅकबेरी मिळते. बस. पीटर सुधारला असे लेखिका म्हणत नाही आणि पुढच्या गोष्टीत तो त्याच बागेत परत जातो, भावाबरोबर.

मृत्यूही लपवलेला नाही. पहिल्याच पानांत आई मुलांना सांगते की तुमच्या वडिलांचा त्या बागेत घात झाला. मॅकग्रेगरच्या बायकोने त्यांना कणकेच्या पारीत घालून भाजले. हे वाक्य कोणत्याही हुंदक्याशिवाय, बाजाराची यादी सांगावी तसे येते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत तो पदार्थ घेऊन उभ्या असलेल्या बाईचे चित्रही होते. पुढे ते वगळले गेले, वाक्य मात्र राहिले. माझ्या मते पीटरच्या पळण्यात जो दम आहे तो या एका वाक्यामुळे. धोका खोटा असता तर पाठलाग नुसता शिवाशिवीचा खेळ झाला असता.

१९०८ मधली जेमिमा पडल-डक ही बदकीण पाहा. अंडी उबवायला तिला शेतावर कोणी देत नाही, कारण बदके बैठक मारून बसत नाहीत असा मालकिणीचा अनुभव. ती जंगलात जागा शोधते. तिथे भुरकट मिशांचे एक सभ्य गृहस्थ भेटतात. ते आपली पिसांनी भरलेली खोली तिला देऊ करतात. एवढी पिसे आली कुठून, हे जेमिमाला विचारावेसे वाटत नाही. मजकुरात ‘कोल्हा’ हा शब्द येत नाही, चित्रात मात्र शेपटी स्पष्ट दिसते. पुढे ते गृहस्थ तिला मेजवानीसाठी कांदा आणि सुगंधी पाला आणायला सांगतात. बदक भाजताना पोटात भरतात तोच मसाला. मूल ओरडून सांगू लागते, जाऊ नकोस! वाचून दाखवणारी आई हसू दाबते. पात्राला जे कळत नाही ते वाचकाला कळते, आणि मोठ्यांना मुलांपेक्षा थोडे आधी कळते. एकच पान दोघांना दोन प्रकारे रंगवते.

आणि शेवट? शेतावरचा कुत्रा केप आणि दोन शिकारी कुत्र्यांची पिल्ले जेमिमाला वाचवतात. मग तीच पिल्ले तिची अंडी खाऊन टाकतात. पिल्लेच ती, त्यांना काय कळणार. एवढा कडू-गोड शेवट आजच्या कित्येक संपादकांनी बदलायला लावला असता.

‘द टेल ऑफ टू बॅड माइस’ (१९०४) मध्ये दोन उंदीर बाहुलीच्या घरात शिरतात. टेबलावर हॅम, मासा, पुडिंग सगळे मांडलेले. दात लावल्यावर कळते की हे प्लास्टरचे. मग जी तोडफोड होते ती कोणाही भुकेल्या, फसवल्या गेलेल्या मुलाची असते. ते बाहुलीघर खरे होते. पॉटर यांच्या पुस्तकांचे काम पाहणारे नॉर्मन वॉर्न यांनी ते आपल्या भाचीसाठी बनवले होते. ते पाहायला जाण्यास पॉटर यांच्या आईने आडकाठी केली, म्हणून त्यांनी छायाचित्रांवरून चित्रे काढली. तेव्हा पॉटर यांचे वय होते ३७.

शब्द आणि चित्र एकाच हातचे असले की काय होते हे अशा जागी दिसते. मजकुराने काय गाळायचे हे चित्रकाराला ठाऊक असते. मराठीत माधुरी पुरंदरे यांची पुस्तके ज्या घरांत वाचली गेली आहेत, तिथे हे वेगळे सांगायला नको.

पॉटर यांच्या कथांच्या उगमाबद्दल अलीकडे वाद आहे. पीटरच्या दहा वर्षे आधीपासून अमेरिकेत जोएल चँडलर हॅरिस यांनी संकलित केलेल्या ‘अंकल रीमस’ कथा ब्रिटनमध्ये लोकप्रिय होत्या. गुलामगिरीत जगलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी सांगितलेल्या या कथांत एक धूर्त ससा आहे. पॉटर यांनी १८९०च्या दशकात या कथांसाठी चित्रे काढली होती, हे कागदोपत्री आहे. त्या परंपरेचे ऋण त्यांनी उघड मान्य केले नाही, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. पीटर मात्र त्या सशासारखा धूर्त नाही. तो नशिबाने सुटतो. ऋण असेलच तर ते प्राण्यांमधल्या जीवघेण्या शेजारधर्माचे आहे, असे म्हणता येईल.

बाहुलीचे पेटंट कशासाठी?

वॉर्न कंपनीकडून एक मोठी चूक झाली. अमेरिकेत पीटरच्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क नोंदवायचा राहून गेला. लवकरच तिथे दुसऱ्यांनी छापलेल्या प्रती विकल्या जाऊ लागल्या आणि पॉटर यांना त्यातून एक सेंटही मिळाला नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या इंग्रजी बाजारांपैकी एकात सर्वाधिक खपणारे पुस्तक असे हातचे गेले.

पॉटर व्यवहाराला पक्क्या निघाल्या. दुकानांत सशाच्या बाहुल्या दिसू लागल्यावर त्यांनी स्वतः कापड बेतून पीटरची बाहुली शिवली आणि २८ डिसेंबर १९०३ रोजी तिची पेटंट कार्यालयात नोंद केली. त्यानंतर पटावरचा खेळ, भिंतीचे कागद, चिनी मातीची भांडी अशी रांग लागली. पुस्तकातल्या पात्रावर परवाना देऊन वस्तू विकण्याचे हे अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक मानले जाते. मिकी माउस जन्मायला अजून पाव शतक होते. प्रत्येक वस्तूचा नमुना पॉटर स्वतः तपासत. नाक चुकले, कान चुकले की परत.

जर्मनीहून येणाऱ्या स्वस्त खेळण्यांमुळे इंग्लंडमधले कारखाने त्यांची बाहुली बनवायला तयार होईनात, तेव्हा १९१०च्या निवडणुकीत आयात शुल्काच्या बाजूने त्यांनी हाताने भित्तिपत्रके रंगवली. १९१७ मध्ये वॉर्न कंपनीतले हॅरल्ड वॉर्न यांना बनावट दस्तऐवजांच्या प्रकरणात अटक झाली आणि कंपनी बुडायच्या बेताला आली. पॉटर यांचे पैसे तिथे अडकले होते. त्यांनी जुन्या चित्रांतून नवे पुस्तक काढून दिले आणि कंपनी तरली. १९३६ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी चित्रपटाचा प्रस्ताव ठेवला, त्याला मात्र त्यांनी नकार दिला.

लंडन सोडून त्या शेतावर का गेल्या?

जुलै १९०५ मध्ये नॉर्मन वॉर्न यांनी पॉटर यांना लग्नाची मागणी घातली. पॉटर यांच्या आईवडिलांना हे पसंत नव्हते. वॉर्न ‘धंद्यातले’ होते. ज्या घराण्याचा सारा पैसा कापडाच्या धंद्यातून आला त्यांनी असे म्हणावे, हे त्या काळातल्या प्रतिष्ठेचे गणित. पॉटर यांनी ऐकले नाही. पण महिन्याभरातच, २५ ऑगस्टला, नॉर्मन यांचा रक्ताच्या आजाराने मृत्यू झाला.

त्याच वर्षी पॉटर यांनी उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, निअर सॉरी या खेड्यात हिल टॉप नावाचे शेत घेतले. पुस्तकांचे मानधन आणि वारशाने आलेली थोडी रक्कम त्यात गेली. पुढच्या आठ वर्षांतली त्यांची सर्वोत्तम पुस्तके या शेतावर घडतात. घरात उंदरांचा सुळसुळाट होता, त्यातून सॅम्युअल व्हिस्कर्स आला. बागेची वाट, स्वयंपाकघरातली चूल, जिन्याचा कठडा, गावातले दुकान हे सगळे जसेच्या तसे पुस्तकांत उतरले. जमीनखरेदीच्या कामात मदत करणारे स्थानिक सॉलिसिटर विल्यम हीलिस यांच्याशी १९१३ मध्ये त्यांनी लग्न केले. तेव्हाही आईवडिलांना जावई कमी दर्जाचाच वाटला होता.

लग्नानंतर पुस्तके आटत गेली. नजर मंदावत होती आणि मन मेंढ्यांत गुंतले होते. गावात त्या ‘मिसेस हीलिस’ होत्या. जाडेभरडे कपडे घालणाऱ्या या बाईच पीटरच्या लेखिका, हे अनेकांच्या ध्यानातही येत नसे.

जमीन मेंढ्यांसकट का दिली?

हा या कथेतला सर्वांत कमी सांगितला जाणारा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग.

लेक डिस्ट्रिक्टच्या उंच डोंगरांवर हर्डविक नावाची मेंढ्यांची जात आहे. कोकरू जन्मते काळे, वाढताना करडे होते. लोकर राठ, मांस उत्तम, थंडी सोसण्याची ताकद जबरदस्त. या डोंगरांवर मोठ्या भागांना कुंपण नसते. तरीही प्रत्येक शेताचा कळप आपापल्याच उतारावर चरतो. हे ज्ञान मेंढीकडून कोकराला मिळते. आईच्या मागे फिरत कोकरू आपली हद्द शिकते आणि पुढे आपल्या कोकराला शिकवते. आपल्याकडे धनगर कळप घेऊन मुलूख बदलत फिरतो, इथे नेमके उलट आहे. कळप डोंगराला बांधलेला असतो.

याचा अर्थ असा की एखादे शेत विकताना कळप बाजारात फुंकला, तर नव्या मालकाला डोंगर मिळतो पण त्या डोंगराची वाट जाणणाऱ्या मेंढ्या मिळत नाहीत. बाहेरून आणलेल्या मेंढ्या भरकटतात. त्या पुन्हा बसवायला वर्षे लागतात, तोवर राखणदार ठेवावे लागतात. शेतकरी कंटाळून डोंगर सोडतो. आणि १९२०च्या दशकात डोंगर सोडलेल्या जमिनीवर डोळा ठेवून बंगले बांधणारे आणि झाडे लावून लाकूड विकणारे तयारच होते.

पॉटर यांनी १९२३ मध्ये ट्राउटबेक पार्क हे सुमारे १९०० एकरांचे शेत घेतले आणि तिथला आजारी कळप नीट केला. टॉम स्टोरी या मेंढपाळाच्या हातगुणाने त्यांच्या हर्डविक मेंढ्या प्रदर्शनांत बक्षिसे मिळवू लागल्या. १९२७ मध्ये विंडरमेअर तळ्याच्या काठची एक पट्टी इमारतींपासून वाचवण्यासाठी त्यांनी आपल्या हातची ५० चित्रे अमेरिकेत एकेक गिनीला विकायला पाठवली. १९३०च्या सुमारास मंक कोनिस्टनची चार हजारांहून अधिक एकरांची मालमत्ता तुकड्यांत विकली जाण्याची शक्यता दिसताच त्यांनी ती सलग घेतली. अर्धी मूळ किमतीलाच नॅशनल ट्रस्टला दिली आणि ट्रस्टच्या वाट्याचेही व्यवस्थापन काही वर्षे स्वतः पाहिले.

नॅशनल ट्रस्ट म्हणजे निसर्ग आणि वास्तू जपण्यासाठी लोकवर्गणीवर चालणारी संस्था. १८९५ मध्ये ती स्थापन करणाऱ्या तिघांपैकी एक, पीटरची गोष्ट पद्यात बसवणारे तेच पाद्री रॉन्स्ली. रुपर्ट पॉटर हे तिचे पहिले आजीव सभासद.

२२ डिसेंबर १९४३ रोजी पॉटर यांचे निधन झाले. मृत्युपत्रानुसार चार हजारांहून अधिक एकर जमीन आणि पंधराच्या आसपास शेते ट्रस्टकडे गेली. अट अशी की डोंगरावरच्या शेतांतले कळप शुद्ध हर्डविकच राहिले पाहिजेत. आजही अशा शेतांवर कळप शेताचा भाग समजला जातो. कुळ बदलले तरी ठरलेल्या संख्येच्या मेंढ्या मागे ठेवून जावे लागते. २०१७ मध्ये युनेस्कोने लेक डिस्ट्रिक्टला जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात या मेंढपाळीच्या पद्धतीचा ठळक विचार झाला.

म्हणजे सगळे पैसे सशाचेच?

नाही. ‘सशाने डोंगर विकत घेतले’ हे वाक्य आकर्षक आहे, पण अर्धे खरे आहे. वडील १९१४ मध्ये आणि आई १९३२ मध्ये गेल्यावर पॉटर यांना मोठा वारसा मिळाला. मोठ्या खरेद्यांत त्याचाही आधार होता. पण हिल टॉपची सुरुवात पुस्तकांच्या पैशावर झाली आणि दर वर्षी नेमाने येणारे मानधन व परवान्यांचे उत्पन्न नसते, तर हातातला वारसा जमिनीत अडकवण्याची हिंमत झाली असती का, ही शंका आहे. आई-वडिलांच्या मर्जीबाहेर पहिले पाऊल टाकता आले ते मात्र निखालस सशाच्या पैशावर.

आता हक्क कोणाकडे?

लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, या नियमाने पॉटर यांच्या हयातीत आलेल्या पुस्तकांचे स्वामित्वहक्क ब्रिटनमध्ये २०१३ अखेर संपले. भारतात हा काळ ६० वर्षांचा असल्याने इथे ते आधीच खुले झाले होते. म्हणजे पीटरची गोष्ट कोणीही मराठीत आणून मूळ चित्रांसह छापू शकते. अडचण व्यापारचिन्हांची आहे. फ्रेडरिक वॉर्न ही कंपनी १९८३ पासून पेंग्विनकडे आहे आणि पीटरचे नाव व रूप वस्तूंवर वापरण्याचे हक्क तिने नोंदवून ठेवले आहेत. पुस्तक छापणे वेगळे आणि त्या सशाची दप्तरे विकणे वेगळे.

२०१८ च्या चित्रपटातला पीटर वाचाळ आणि मारामारी करणारा आहे. तो पाहून पुस्तकाकडे आलेल्या मुलांना मूळ पीटर फारच मुका वाटतो. मुलांना तो एकदा सलग, पाने उलटत, मोठ्याने वाचून दाखवावा. वेळ जेमतेम दहा मिनिटे लागतो.

हिल टॉपचे घर १९४६ पासून लोकांसाठी खुले आहे. सामान पॉटर यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे मांडलेले आहे. पाहुणे हातात ती छोटी पुस्तके घेऊन येतात आणि जिना, कपाट, चूल चित्राशी ताडून पाहतात. घर लहान असल्याने एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात.